झाडातला नेमका ‘औषधी’ रेणू शोधतात कसा?

साताऱ्याच्या कोयनेपासून सांगलीच्या चांदोलीपर्यंतच्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आढळतं. वास घाण, म्हणून हे नाव. पण त्यात कॅम्पटोथेसिन हा रेणू आहे आणि त्यापासून कॅन्सरची औषधं बनतात.

हा रेणू आधी चीनमधल्या ‘शी शू’ झाडात सापडला. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये त्याची रचना मांडली.

शोधायची पद्धत मला डीबगिंगसारखी वाटते. बग सापडत नसेल तर आपण थोडा थोडा कोड बंद करून बघतो ना, तसंच! झाडाच्या अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग कॅन्सरच्या पेशींवर किंवा उंदरांवर तपासायचा. ज्याचा परिणाम दिसेल, त्याचे पुन्हा भाग. शेवटी एकच शुद्ध रेणू हातात उरतो.

१९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना तोच रेणू नरक्यात मिळाला. पुढे मागणी वाढली आणि सह्याद्रीत चोरटी तोडही.

आणि हो, कॅम्पटोथेसिनच्या सुरुवातीच्या चाचण्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या होत्या. रेणूत बदल केल्यावरच टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही औषधं आली. त्यामुळे ‘नरक्याचा काढा प्या’ असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करू नका. डिलीट करा.