सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकची निगा

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तारेचे काम नळीतील द्रव करतो. द्रव दाबाने आकसत नाही, हवा आकसते. म्हणूनच नळीत हवा शिरल्यास ब्रेक पोकळ लागतो व उतारावर सायकल वेळेवर थांबत नाही. हवा काढताना द्रव कोणता भरावा, ही बाब किरकोळ नव्हे. शिमानोच्या ब्रेकला खनिज तेल लागते. अन्य काही ब्रेकना मोटारीतील डॉट द्रव. अदलाबदल झाल्यास रबरी सील निकामी होतात. डॉट द्रव ओलावाही शोषतो. मानकानुसार डॉट-४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडा असता २३०, तर ओलावा मुरल्यावर १५५ अंश सेल्सिअस असतो. लांब घाट उतरताना ब्रेक तापतो, आणि उकळलेल्या द्रवाची वाफ हवेप्रमाणेच आकसते. सबब हा द्रव मुदतीने बदलावा. साखळीला घालावयाचे तेल चकतीवर उडू देऊ नये. पॅडमध्ये मुरलेले तेल पुसून निघत नाही.