कललेल्या नौकेचा तोल

धक्क्याला बांधलेली शिडाची नौका वारा नसताना, शिडे उतरवलेली असतानाही एका कुशीवर झुकलेली राहिली, तर तिच्यातले वजन कुठेतरी एका अंगाला जास्त झाले आहे. वाऱ्याच्या दाबाने नौका कलते ते वेगळे. वारा पडला की ती आपोआप सरळ होते. वजनाने आलेला कल मात्र चोवीस तास असतो. तो दोन-तीन अंशांचा असला तरी स्वयंपाकाच्या ओट्यावर भांडे सरकते, मोरीतले पाणी निचऱ्याच्या उलट बाजूला साचते आणि एका अंगावर चालताना नौका दुसऱ्या अंगापेक्षा जास्त वाकते.

नौकेचे सगळे वजन गुरुत्वमध्यातून खाली लागते आणि पाण्याचा वरचा रेटा उत्प्लावन केंद्रातून वर लागतो. वजन मधल्या रेषेवरून बाजूला सरकले की नौका कलत जाते. कलताना पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, उत्प्लावन केंद्रही त्याच बाजूला सरकते आणि दोन्ही केंद्रे पुन्हा एकाखाली एक आली की नौका तिथे थांबते. हा थांबण्याचा कोन किती, हे गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर या बिंदूंतल्या उभ्या अंतरावर ठरते. नौका थोडी कलल्यावर उत्प्लावन केंद्रातून वर काढलेली उभी रेषा नौकेच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. मेटासेंटरची कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांनी १७४६ च्या आपल्या ग्रंथात मांडली. हे अंतर, म्हणजेच मेटासेंटरची उंची, जितके मोठे, तितकी नौका ताठ आणि तितक्याच चुकीच्या वजनाने ती कमी कलते.

मोजणीला हात घालण्याआधी फसवे कल बाजूला काढावे लागतात. तळाच्या रंगाची पट्टीच वाकडी मारलेली असते, असे वाटते त्यापेक्षा बरेचदा घडते. मग लोक सरळ नौकेला कललेली समजून त्यात शिसे भरतात. डोलकाठीच्या एका अंगाचे ताण जास्त आवळले असतील तर काठी तिरकी दिसते आणि डोळा फसतो. धक्क्याचा एखादा दोर घट्ट असेल तर ओहोटीला तोच नौकेला एका बाजूने उचलून धरतो. म्हणून मोजणी पहाटे, पाणी निवांत असताना, दोर सैल सोडून करायची. शिडाचा आडवा दांडा बरोबर मध्यावर बांधायचा आणि तळात साचलेले पाणी आधी पंपाने काढून टाकायचे. हे पाणी नेहमी खालच्या बाजूला धावते आणि मुळात अर्धा अंश असलेला कल वाढवून दाखवते.

पहिले माप बाहेरून घेतात: दोन्ही बाजूंना एकाच जागी काठापासून पाण्यापर्यंतची उंची. तीन मीटर रुंदीच्या नौकेत या दोन उंचींत साडेदहा सेंटिमीटरचा फरक आला, तर कल दोन अंशांचा आहे. पुढचे माप ओळंब्याचे. केबिनच्या छतातल्या झडपेच्या चौकटीला दीड मीटर दोरा बांधून गवंड्याचा साधा ओळंबा सोडतात आणि त्याचे टोक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात, म्हणजे तो झोके घेत राहत नाही. दोऱ्यामागे मिलिमीटरची पट्टी आडवी लावली की काम झाले. दीड मीटरच्या दोऱ्यावर एक अंश म्हणजे सुमारे २६ मिलिमीटर, दोन अंश म्हणजे ५२.

आता नौकेचे एकूण वजन किंवा मेटासेंटरची उंची कुणाला विचारायची गरज उरत नाही. पट्टी वाचणारा मध्यरेषेवर बसून राहतो. दुसरा माणूस, समजा ७५ किलोचा, डेकवर आधी मधल्या रेषेवर उभा राहतो आणि नंतर १.४ मीटर बाजूला कठड्यापाशी जातो. वजन आणि अंतर यांचा गुणाकार, म्हणजेच आघूर्ण, झाले १०५. पाच टन वजनाच्या आणि एक मीटर मेटासेंटर-उंचीच्या नौकेत दोरा यावर साधारण ३१ ते ३२ मिलिमीटर सरकेल. १०५ आघूर्णाला साडेएकतीस मिलिमीटर, तर ५२ मिलिमीटरला किती? साध्या त्रैराशिकाने उत्तर येते सुमारे १७५. नौका सरळ करायला एवढे आघूर्ण दुसऱ्या दिशेने द्यायचे आहे. जहाजबांधणीत नव्या जहाजाची स्थिरता तपासताना हीच चाचणी मोठ्या वजनांनी, अनेक ओळंबे लावून करतात.

मग कारणाचा शोध. एकेक कप्पा उघडून, आतल्या वस्तूचे वजन आणि मध्यरेषेपासूनचे अंतर लिहीत जायचे. संशयित बहुतेक तेच असतात. शंभर अँपिअर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी पंचवीस-तीस किलोची असते आणि चार बॅटऱ्या सोयीसाठी एकाच बाकाखाली गेलेल्या असतात. आठ मिलिमीटर जाडीची नांगराची साखळी मीटरला १.४ किलो भरते. हत्यारांची पेटी, फ्रिज, जीवरक्षक तराफा, मागच्या कठड्याला टांगलेले इंजिन ही आणखी काही नावे. डेकच्या फायबरखालचा गाभा पाणी पिऊन जड झाला असेल, तर मात्र कप्पे उघडून काही सापडत नाही; बोटांच्या पेरांनी डेक ठोकत जावे, ओल्या जागी आवाज बद येतो.

टाक्यांचे प्रकरण स्वतंत्र आहे. एका बाजूच्या बाकाखाली दोनशे लिटर पाणी असेल, तर ती टाकी रिकामी होत जाईल तसा कल रोज बदलतो. म्हणून मोजणी कोणत्या पातळीला केली ते लिहिणे आवश्यक. दोन बाजूंच्या दोन टाक्या नळीने जोडलेल्या असल्या तर गोष्ट आणखी बिघडते. टाक्यांमध्ये दोन मीटर अंतर धरले, तर दोन अंशांच्या कलाला पातळीत सात सेंटिमीटरचा फरक पडतो. अर्धा चौरस मीटर तळाच्या टाक्यांतून सुमारे साडेसतरा लिटर पाणी वरच्या टाकीतून खालच्या टाकीत जाते आणि कलाच्या आघूर्णात आणखी ३५ ची भर घालते. म्हणजे मूळ दोषाच्या पाचव्या हिश्श्याइतकी. जोडनळीचा कॉक बंद ठेवणे हा यावरचा फुकटचा उपाय, आणि तोच बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. अर्धवट भरलेली रुंद टाकी आणखी एक त्रास देते. तिचे पाणी नौकेबरोबर सरकत राहते आणि हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाने वाढतो. मध्ये एक उभा पडदा घालून तिचे दोन समान भाग केले, की तो चौथ्या हिश्श्यावर येतो.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे: आधी काढायचे, मग हलवायचे, अगदी शेवटी नवे वजन घालायचे. बहुतेक नौकांत नको असलेले सामानच इतके निघते की पुढच्या दोन पायऱ्यांची वेळ येत नाही. वरच्या १७५ च्या उदाहरणात, नौका डावीकडे कलली असेल तर २८ किलोच्या दोन बॅटऱ्या डावीकडच्या एक मीटरवरून उजवीकडच्या ०.६ मीटरवर नेल्या, म्हणजे ५६ गुणिले १.६, जवळपास ९० मिळाले. पंचवीस किलोची हत्यारपेटी डाव्या १.२ वरून उजव्या १.२ वर नेली की आणखी ६०. उरलेले २५ तीस मीटर जादा साखळी, म्हणजे ४२ किलो, ०.६ मीटर उजवीकडे सरकवून भरून निघतात. हलवलेले वजन उंच ठेवू नये आणि पुढच्या-मागच्या टोकाला नेऊ नये. नाहीतर कल जातो आणि नाळ पाण्यात बसते. वजनदार नौकेत हे आकडे मोठे होतात. गोव्यात दिवार बेटावर बांधलेली भारतीय नौदलाची म्हादेई सतरा मीटर लांब आणि सुमारे २३ टनांची. मेटासेंटरची उंची तीच धरली, तर तेवढाच कल घालवायला तिला साडेचार पटींहून जास्त आघूर्ण लागेल.

एवढे करूनही कल उरला, किंवा तळाखालचा बुडखा (कील) मुळातच वाकडा बसलेला असला, तर नीरम, म्हणजे तोल साधण्यासाठीचे वजन, घालावे लागते. शिडाच्या काळात गलबते रिकामी निघाली की तळात दगड-वाळू भरत. आज शिशाच्या विटा वापरतात. त्या तळाला, मध्यरेषेपासून शक्य तितक्या लांब, राळेत घट्ट बसवाव्या. कारण सुटलेली वीट वादळात सर्वांत आधी खालच्या बाजूला जाते आणि जाताना तळाला भोक पाडू शकते.

एक कल असा आहे की ज्यावर हे उपाय उलटतात. नौका कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलून थांबत असेल, मधे उभीच राहत नसेल, तर तिचा गुरुत्वमध्य फार वर गेला आहे. अशा वेळी वरच्या अंगाला वजन टाकले, तर ती मध्यावरून जोरात दुसरीकडे कोसळते. तिथे वजन खालीच आणावे लागते. स्वीडनच्या वासा या युद्धनौकेच्या स्थिरतेची परीक्षा झाली होती. तीस खलाशांना डेकवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवले. तीन फेऱ्यांतच ती इतकी डोलू लागली की परीक्षा थांबवावी लागली. तरीही तिला निघू दिले आणि १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, सुमारे तेराशे मीटर गेल्यावर, ती स्टॉकहोम बंदरात बुडाली.

शिडे चढल्यावर वजन जाणूनबुजून एका बाजूला आणतात. छोट्या शर्यतीच्या होडीत खलाशी वाऱ्याकडच्या कठड्याबाहेर वाकून लटकतात. कोकणातल्या अरुंद होडीला एका अंगाने उलांडी, म्हणजे दांड्यांनी बाजूला धरलेला तरंगता ओंडका, असते, तिचे काम वेगळ्या मार्गाने तेच. श्रीलंकेच्या ओरुवा होडीवर तर उलांडीच्या दांड्यांवर किती माणसे चढवावी लागतात, त्यावरून वाऱ्याचा जोर सांगण्याची रीत होती. पाण्याचे नीरम असलेल्या मोठ्या नौकांत शीड पलटवण्याच्या आधी कॉक उघडून पाणी उताराने खालच्या टाकीत जाऊ देतात. नौका पलटल्यावर तीच टाकी वाऱ्याकडे येते, पंपाची गरज पडत नाही. कॉक उघडायला उशीर झाला तर मात्र पलटल्यावर पाणी नको त्या बाजूला असते.

सरळ केलेल्या नौकेची अखेरची परीक्षा म्हणून स्थिर वाऱ्यात दोन्ही अंगांवर सारखीच शिडे लावून कोन मोजतात. दोन्हींत अंशाहून कमी फरक असेल तर काम पुरे. केबिनमध्ये बसलेले दोघे-तिघे जागा बदलतात तेव्हाही तेवढा फरक पडतोच. फरक जास्त आणि काठीचे ताण समान असतील, तर नौका कोरड्या गोदीत घेऊन बुडखा मध्यरेषेशी मोजून पाहावा लागतो.