आधी भार, मग वस्तुमान

सकाळी साडेसात. नाशिकच्या द्राक्षहंगामात आमच्या रेसिड्यू लॅबचा दिवस व्हॅक्यूमच्या आकड्यापासून सुरू होतो. मास स्पेक्ट्रोमीटरमधली हवा टर्बो पंप रात्रंदिवस उपसत असतात. आयन वाटेत हवेच्या रेणूंवर आदळले तर डिटेक्टरपर्यंत पोचणारच नाहीत. आकडा ठीक दिसला की आयन जिथे तयार होतात तो सोर्स मिथेनॉलने पुसून घ्यायचा.

नऊ. सॅम्पल आले. पिशवीवर फक्त कोड. मण्यांचा लगदा करायचा, 10 ग्रॅम तोलायचा, इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये फवारणीची औषधं उतरवायची, सेंट्रिफ्यूज. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडसाठी मात्र मिथेनॉलची वेगळी काढणी. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले ते याच औषधाच्या अंशांमुळे. बागायतदारांच्या त्या वर्षीच्या नुकसानीची आठवण इथे प्रत्येकाला आहे.

साडेअकरा. पहिलं इंजेक्शन. विद्युतक्षेत्र ओढतं ते फक्त भार असलेल्या कणाला, म्हणून रेणूला आधी भार द्यावा लागतो. बारीक नळीच्या टोकाला काही हजार व्होल्ट असतात. द्रव तिथून फवाऱ्यासारखा सुटतो, गरम नायट्रोजनमध्ये थेंब आटत जातात, पृष्ठभागावरचे सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि थेंब फुटत फुटत शेवटी आयन मोकळे होतात. या इलेक्ट्रोस्प्रेसाठी जॉन फेन यांना 2002 साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. रेणू न मोडता हवेत आणायची ही रीत मला आजही विलक्षण वाटते. क्लोरमेक्वाट तर मुळातच धनभारित. पहिलं क्वाड्रुपोल 122 वस्तुमान-भार गुणोत्तराचेच आयन पुढे सोडतं, मधल्या कक्षात वायूवर आदळून ते तुटतात, तिसरं 58 चा तुकडा निवडतं.

दीड. जेवण, पाळीपाळीने.

दोन. आता सगळ्यात नाजूक काम. अर्कात द्राक्षातलंही बरंच काही उतरतं आणि त्याच थेंबांत भारासाठी झगडतं. औषध असूनही सिग्नल दबतो. शुद्ध द्रावणातल्या स्टँडर्डवरून काढलेल्या आकड्यावर म्हणून मी विश्वास ठेवत नाही. औषध नसलेल्या द्राक्षाच्या अर्कातच स्टँडर्ड बनवतो, क्लोरमेक्वाटसाठी त्याचंच ड्युटेरियमवालं जड रूप प्रत्येक सॅम्पलमध्ये घालतो. ज्या औषधांना युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्यांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम लागू होते, म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. इतक्या खाली सिग्नल थोडा दबला तरी निकाल फिरतो.

चार. सायपरमेथ्रिनसारखी औषधं गॅस क्रोमॅटोग्राफीवर. तिथे वाफेतल्या रेणूंवर 70 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. रेणू मोडतो, पण ठरावीक तऱ्हेनेच मोडतो, म्हणून लायब्ररीशी ताडून पाहता येतो.

साडेपाच. क्रोमॅटोग्राम वाचायची वेळ. एका कोडमध्ये 122 वरून 58 चं शिखर, वेळही क्लोरमेक्वाटची. पण क्लोरमेक्वाटच्या आयनात क्लोरीन असतो आणि निसर्गातल्या क्लोरीनमध्ये 35 आणि 37 या समस्थानिकांचं प्रमाण साधारण तीनास एक, तेव्हा 124 वरून 58 चं शिखर पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं हवं. इथे दोन्ही जवळजवळ सारखी. या शिखरावर मी सीसीसीचा शिक्का मारणार नाही. आणि ‘आढळला नाही’ असंही आज लिहिणार नाही, कारण खालची खरी खूण झाकली गेलेली असू शकते.

सात. रात्रीची बॅच: आधी ब्लँक, मग स्टँडर्ड, मग बाकीचे कोड. त्या एका कोडचा रिपोर्ट थांबवला आहे. उद्या नवी काढणी करून 122 वरून 63 चाही मार्ग तपासायचा. 63 च्या तुकड्यात क्लोरीन शाबूत राहतो.