बाळंतिणीचा ताप

“दूध उतरतंय, म्हणून अंग तापलंय. दोन दिवसांत निवेल.” हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत ज्यांनी ऐकले नाही, अशा भगिनी आमच्या वाचकांत विरळाच असतील. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आम्हां मराठी घरांतून बाळंतपणाला शेजारणींच्या ‘सुवावडी’ची जोड मिळाली, पण शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर आणि हे वाक्य मात्र आजीकडून आले तसेच राहिले. दूध भरून आल्याने अंग थोडे कढत लागते, हे खरे आहे. परंतु तो ताप बेताचा असतो व बहुधा दिवसाभरात ओसरतो. पहिला दिवस उलटल्यावरही पारा १००.४ अंशांवर (फॅरनहाइट) जाऊ लागला, ओटीपोट दाबताच दुखू लागले आणि अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येऊ लागली, तर तो दुधाचा ताप नव्हे. गर्भाशयाच्या आतील अस्तराला दाह झाला आहे, असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आमच्या आज्या ज्याला धसक्याने ‘बाळंतरोग’ म्हणत, त्यात या दाहाचा वाटा मोठा होता. १८४६ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात पहिल्या प्रसूतिकक्षातील शंभरांमागे अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या. सुइणींच्या शिक्षणासाठी असलेल्या शेजारच्या कक्षात मात्र तिघींहून कमी. पहिल्या कक्षातील विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी प्रसूतीस येत, हे इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने ओळखले. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि १८४८ साली मृत्यूंचे प्रमाण शंभरात जेमतेम सव्वावर आले. त्याच्या समव्यवसायींपैकी पुष्कळांनी त्याला मानले नाही, ही गोष्ट निराळी.

दाह होतो कसा? प्रसूतीनंतर वार सुटलेली जागा आतून उघड्या जखमेसारखी असते आणि योनिमार्गातील जंतूंना वर चढण्याची वाट मोकळी मिळते. पाणमोट फुटून फार वेळ गेला, कळा लांबल्या, आतून तपासणी वारंवार झाली, वार हाताने काढावी लागली किंवा तिचा तुकडा आत राहिला, तर धोका वाढतो. सिझेरियननंतर तो कित्येक पटींनी अधिक. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविकाचे एक इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. गर्भपातानंतर, पिशवी साफ केल्यावर किंवा तांबी बसविल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही हे दुखणे उद्भवू शकते.

उपचार अवघड नाहीत, वेळ मात्र दवडता कामा नये. बाळंतिणीला रुग्णालयात ठेवून शिरेतून प्रतिजैविके देतात. क्लिंडामायसिन व जेंटामायसिन ही जोडी त्यासाठी नेहमीची आहे. बहुतेकींचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, आणि तो उतरून एक-दोन दिवस जाईपर्यंत औषध चालू ठेवतात. न उतरल्यास आत वारेचा तुकडा किंवा पू राहिला आहे काय, हे सोनोग्राफीने पाहतात. बाळाला अंगावर पाजणे बहुधा थांबवावे लागत नाही. तरी डॉक्टरांना विचारून घ्यावे. घरी शेक देत बसल्याने मात्र विष रक्तात भिनण्यास अवधी मिळतो. घरच्या वडीलधाऱ्यांना हे सांगण्याचा संकोच सुनेला वाटतो; तो तिच्या नवऱ्याने दूर करावा, असे आम्हांस स्पष्टच वाटते.

दुसरा प्रकार मुकाट्याने चालणारा. त्यात ताप नसतो. कधी अंगावरून पांढरे जाते, कधी दोन पाळ्यांमध्ये डाग दिसतो, तर कधी काहीच जाणवत नाही, आणि दिवस राहत नाहीत म्हणून तपासणी केली तेव्हाच ते उमगते. अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यात प्लाझ्मा पेशी आढळतात. याला डॉक्सिसायक्लिनसारखे औषध देतात. मात्र गर्भ राहिल्याची शंका असल्यास ते आधी सांगावे. संबंधांतून पसरणाऱ्या जंतूंमुळे दाह झाला असल्यास पतीनेही उपचार घेणे अगत्याचे आहे. नुसत्या पत्नीलाच गोळ्या आणून देणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. ते दुखणे फिरून आलेलेही पाहिले आहे. (नावात साम्य असलेले एन्डोमेट्रिऑसिस हे अगदी वेगळे दुखणे असून ते जंतुसंसर्गाने होत नाही.)

आपल्या देशात आणखी एका कारणाचा विचार करावाच लागतो, तो म्हणजे क्षय. त्याचे जंतू बहुधा फुफ्फुसांतून रक्तावाटे प्रथम गर्भनलिकांत जातात आणि तेथून गर्भाशयाच्या अस्तरात उतरतात. पाळी कमी होत जाते, बारीक कसर राहते, वजन घटते. पण पुष्कळ जणींत मूल न होणे एवढीच खूण असते. याला साधी प्रतिजैविके पुरत नाहीत. क्षयाचीच औषधे, साधारणपणे सहा महिने, एकही दिवस न चुकविता घ्यावी लागतात आणि सरकारी केंद्रांतून ती विनामूल्य मिळतात. औषधांनी जंतू मरतात, परंतु नलिका एकदा बुजल्या की त्या पूर्ववत होतातच असे नाही. त्यामुळे लग्नाला दोन-चार वर्षे लोटूनही मूल न झालेल्या सुनेला उपासतापास सांगण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.