शिष्यवृत्ती आणि सेवा

शिष्यवृत्ती म्हणजे शिकण्यासाठी मिळणारी आर्थिक मदत. हे पैसे कोठून येतात? सरकारी शिष्यवृत्ती लोकांनी भरलेल्या करांतून दिली जाते. संस्थांची शिष्यवृत्ती देणग्यांतून उभी राहते. म्हणजे ज्यांना आपण कधी पाहिलेही नाही, अशी माणसे आपल्या शिक्षणाला हातभार लावत असतात. त्यांचे ऋण कसे फेडावे?

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर यांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. येथे आधी शिक्षण आणि मग सेवा, असा क्रम होता.

कर्मवीर भाऊराव पाटील यांची वाट वेगळी होती. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची गरीब मुले एकत्र राहत. ती स्वयंपाक करत, शेतात राबत आणि अभ्यासही करत. शिकता शिकताच काम करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. याच संस्थेचे एक महाविद्यालय आज वाशीला आहे.

गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचा स्वयंसेवक दोन वर्षे, दरवर्षी १२० तास समाजसेवा करतो. निवडलेल्या गावात सात दिवसांचे शिबिरही होते. स्वयंसेवकांच्या संख्येनुसार सरकार थोडे अनुदान देते. ते स्वयंसेवकांच्या खिशात जात नाही. त्यातून शिबिराचा व साहित्याचा खर्च भागवला जातो.

एवढ्या थोड्या पैशांत काय होणार, असे कोणी म्हणेल. घणसोली गावाचे उदाहरण घेऊ. हे गाव ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. येथील आगरी-कोळी लोक भातशेती आणि मासेमारी करत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. पुढे नवी मुंबईसाठी गावाच्या जमिनी गेल्या. खाडी मात्र उरली. तिच्या काठावर खारफुटीची झाडे आहेत. त्यांच्या मुळांत मासे आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. २०२२ मध्ये ठाणे खाडीची नोंद जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये झाली. पण भरतीच्या पाण्याबरोबर आलेले प्लॅस्टिक याच मुळांत अडकते.

समजा, शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या दहा विद्यार्थ्यांना खाडीचा काठ स्वच्छ करण्यासाठी लहानसे अनुदान मिळाले. प्रथम ते गावातील जुन्या कोळ्यांना भेटतील. ओहोटी केव्हा असते, कोठे चिखल खोल आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. मग हातमोजे, पोती आणि घमेली यांची यादी होईल. गोळा केलेला कचरा उचलण्यासाठी महानगरपालिकेला पत्र लिहावे लागेल. एक जण पावत्या जपून ठेवील, दुसरा वहीत रोजचा हिशेब लिहील. मजूर लावण्याइतके पैसे नसतात. म्हणून शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. त्यातूनच काम साऱ्या गावाचे होते.

पण एका दिवसाच्या सफाईने भागत नाही. पुढच्या भरतीला कचरा पुन्हा येतो. म्हणून तो कोठून येतो, हे शोधायला हवे. घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा वेगळा ठेवायला सांगायला हवे. या कामाला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

पैसे देणारा अनुदानाबरोबर विश्वासही देत असतो. पै-पैचा हिशेब देणारा आणि चार लोकांना बरोबर घेणारा विद्यार्थी तो विश्वास सार्थ करतो. शिष्यवृत्ती घेणारा हात असा देणारा हात बनतो. त्यासाठी मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही.

शब्दार्थ
ऋण – कर्ज, उपकार
खारफुटी – खाऱ्या पाण्याच्या चिखलात वाढणारी झाडे
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे हटणे
सार्थ करणे – खरे करून दाखवणे

स्वाध्याय
१. राष्ट्रीय सेवा योजना केव्हा सुरू झाली?
२. विद्यार्थी प्रथम जुन्या कोळ्यांना का भेटतील?
३. तुमच्या वस्तीत कोणते काम करता येईल? त्याच्या खर्चाची यादी करा.