मे ते ऑक्टोबर १९३५
लेखमाला 'चोवीस तास' : भाग सातवा

शनिवारी दुपारी चारला गाड्या सुटतात आणि रविवारी दुपारी चारला थांबतात. तेवढ्या वेळात जिचं अंतर सर्वांत जास्त भरेल ती गाडी जिंकली. फ्रान्समधल्या 'ल मां'च्या शर्यतीचा नियम इतका साधा आहे. पण एवढा वेळ एकट्याच्या जिवावर गाडी रेटणं कठीण, म्हणून जोडीदार लागतो. या शर्यतीच्या इतिहासात त्यामुळेच अशी कितीतरी माणसं सापडतात, जी एकदाच आली, कुणाच्या तरी शेजारी त्यांचं नाव लागलं आणि पुन्हा दिसली नाहीत. लुईस फाँटेस त्यांतला एक. मात्र तो एकदाच आला आणि जिंकून गेला.

वडील ब्राझीलचे, आई इंग्रज, जन्म लंडनचा. वारशाचा पैसा हातात होता. मोटारींचा नाद होता, तसा विमानांचाही. मे १९३५ मध्ये ब्रुकलँड्सची इंटरनॅशनल ट्रॉफी या बावीस वर्षांच्या हौशी पोराने आल्फा रोमिओ चालवून जिंकली, तेव्हा जाणत्यांनाही नवल वाटलं. जूनमध्ये तो ल मांला गेला, तो मात्र लगोंडा या इंग्रज गाडीवर.

साडेचार लिटर इंजिनाची ही गाडी दणकट होती, पण वजनदार. तिची कंपनी तेव्हा कर्जात बुडून रिसीव्हरच्या ताब्यात गेली होती. गाड्या शर्यतीसाठी तयार केल्या त्या आर्थर फॉक्सच्या कारखान्याने. आधीची सलग चार वर्षं ही शर्यत आल्फानेच जिंकलेली. फाँटेसचा जोडीदार होता जॉन हिंडमार्श. हा मुरलेला माणूस, विमानांच्या चाचण्या घेणारा वैमानिक. त्या वर्षी पाऊसही भरपूर झाला. रात्रीच्या अंधारात, ओल्या रस्त्यावर, त्या काळच्या अरुंद टायरांवर तासन्‌तास गाडी सांभाळायची, तर हात नुसता वेगवान असून भागत नाही, तो हलकाही लागतो. नवख्या जोडीदाराचं पहिलं काम गाडी धड परत आणून देणं. ते फाँटेसने केलं. माझ्या लेखी त्याचं खरं कौतुक इथे आहे.

शेवटी शेवटी लगोंडाच्या इंजिनातला तेलाचा दाब घसरला. तेल कमी पडलं की इंजिनाचे फिरते भाग एकमेकांवर घासतात, तापतात आणि अखेर जाम होतात. वाटेल तेव्हा तेल ओतायचीही सोय नव्हती, कारण ठरावीक फेऱ्या झाल्याशिवाय ते भरता येत नसे. गाडी पुन्हा पुन्हा पिटमध्ये येऊ लागली, वेग उतरला, आणि मागून येणारी आल्फा सर्वांच्या डोळ्यांदेखत तिच्या पुढे गेली. ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला : आल्फा आघाडीवर!

तो पुकारा चुकीचा होता. आल्फा मुळात एका फेरीहून जास्त मागे होती. पुढे निघून गेल्याने तिची एक फेरीची तूट भरली, पण उरलेलं अंतर बाकीच होतं. तेरा किलोमीटरहून मोठ्या वर्तुळाकार रस्त्यावर पुढे दिसणारी गाडी पुढे असतेच असं नाही. फेऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांवर सगळं अवलंबून असतं. आल्फाच्या पिटने जिंकलो असं समजून आपल्या चालकाला सावकाश जायला सांगितलं. चूक कळेपर्यंत वेळ संपत आली होती. लगोंडा रखडत का होईना, पहिली आली. चोवीस तासांत ३,००६ किलोमीटर, आणि दुसऱ्या गाडीशी फरक एका फेरीपेक्षाही कमी.

ऑगस्टमध्ये फाँटेसने आयर्लंडमधली लिमरिकची शर्यतही जिंकली. कारकीर्द अशी बहरात असताना ऑक्टोबर आला. इंग्लंडमधल्या साध्या रस्त्यावर दारूच्या नशेत भरधाव गाडी हाकताना त्याने समोरून येणाऱ्या एका मोटारसायकलस्वाराला धडक दिली. तो माणूस मेला. सदोष मनुष्यवधाबद्दल फाँटेसला तीन वर्षांची कैद झाली.

त्याच्याबद्दल लिहिताना हा प्रसंग एका वाक्यात उरकण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो मान्य नाही. ल मांच्या पावसात जे हात एका इंजिनाला इतकं जपत होते, त्याच हातांनी चार महिन्यांत एका अनोळखी माणसाचा जीव घेतला. त्या माणसाच्या घरच्यांना विजेत्यांच्या यादीतलं ते नाव कसं वाचवत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हिंडमार्श १९३८ मध्ये ब्रुकलँड्सजवळ हरिकेन विमानाची चाचणी घेताना गेला. पुढे त्याच्या मुलीने रॉय साल्व्हाडोरीशी लग्न केलं, आणि १९५९ साली ल मांच्या विजेत्यांत जावयाचंही नाव लागलं.

फाँटेस तुरुंगातून सुटला तो पुन्हा शर्यतीत रमला नाही. युद्ध सुरू झाल्यावर तो एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत दाखल झाला. कारखान्यांतून तयार होणारी लष्करी विमानं हवाई दलाच्या तळांवर नेऊन पोहोचवणारी ही नागरी वैमानिकांची संघटना. तिथेही काम तेच होतं, दुसऱ्याचं यंत्र धडपणे पोहोचतं करण्याचं. १२ ऑक्टोबर १९४० रोजी वेलिंग्टन बॉम्बर नेत असताना वेल्समध्ये त्याचं विमान कोसळलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.