शिलंगणाचं सोनं आणि मुरलेली चटणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात कोल्हापूर म्हणजे पंचगंगेच्या पाण्याची पातळी. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं, हे आमच्याकडे शाळकरी पोरसुद्धा सांगतं. पितृपक्षात पाणी उतरतं, घाटावरच्या दीपमाळा उघड्या पडतात, त्यांच्यावरचा चिखल वाळू लागतो. मग एका सकाळी महाद्वार रोडवर झेंडूचे ढीग दिसतात आणि कळतं, शरद आला.

मी मूळचा कोल्हापूरचा, पोटापाण्यासाठी पुण्यात राहिलेला. गेली तीस-पस्तीस वर्षं वर्षातली एक रजा मी राखून ठेवतो, ती आश्विनातली. लोक विचारतात, काय असतं एवढं तिथं? त्यांना एका वाक्यात सांगता येत नाही, कारण बाहेरच्या माणसाला जत्रा, कला आणि जेवण हे तीन वेगळे विषय वाटतात. कोल्हापुरात त्या दिवसांत ते एकाच घरात नांदतात.

सुरुवात अंबाबाईपासूनच करू. बाहेरचे लोक महालक्ष्मी म्हणतात, गावातला माणूस अंबाबाईच म्हणणार. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत देवीची रोज वेगळ्या रूपातली पूजा बांधली जाते. ‘बांधली जाते’ हाच शब्द आहे आमच्याकडे, आणि तो नेमका आहे. मूर्ती काळ्या पाषाणाची आणि फार मोठी नाही. श्रीपूजक मंडळी साड्या, चंदन, फुलं आणि दागिने यांच्या आधारानं त्याच मूर्तीला रोज नवं रूप देतात. पंचमीला देवी हत्तीवरच्या अंबारीत बसलेली असते, अष्टमीला महिषासुरमर्दिनी असते, दसऱ्याला रथात असते. सकाळी अभिषेक, दुपारी पूजा, रात्री पालखी, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचं सगळं उतरवलेलं. चित्र काढून ते रोज पुसून टाकावं, तसं. हिला कोणी कला म्हणून मोजत नाही. पण साडीच्या निऱ्यांतून हत्तीची सोंड कशी उभी करायची, हे कुठल्याही कलाशाळेत शिकवत नाहीत. ते घरात, बापाकडून मुलाकडे येतं.

पंचमीची अंबारी उगाच नसते. त्या दिवशी, म्हणजे ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी गावाच्या पूर्वेला त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. आम्ही तिला टेंबलाई म्हणतो. कथा अशी, की कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष यानं देवांना मेंढरं करून टाकलं, तेव्हा त्र्यंबोलीनं त्याला मारून सगळ्यांना सोडवलं. पुढं विजयाचा सोहळा झाला आणि त्याच्या आनंदात नेमकं तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली, गावाकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. चूक कळल्यावर अंबाबाई स्वतः लवाजम्यासह तिची समजूत काढायला गेली. ती भेट दरवर्षी होते. टेकडीवर कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो, कोहळा म्हणजे कोल्हासूर, आणि त्याची एक फोड मिळावी म्हणून नुसती झुंबड उडते. मला या कथेतली एक गोष्ट फार आवडते. थोरलीनं धाकटीच्या दारात जायचं, ‘चुकलं गं माझं’ म्हणायला, आणि तेही वाजतगाजत. घरोघरच्या जावा-नणंदांना पुरेल एवढा शहाणपणा आहे त्यात.

इकडे घरात सातव्या-आठव्या माळेला कडाकण्या लागतात. रवा, मैदा आणि गुळाच्या पाण्यात भिजवलेलं घट्ट पीठ, पातळ लाटून तळलेलं. काही घरांत बेसन घालतात. त्या खायच्या आधी दोऱ्यात ओवून घटावर टांगायच्या, तो फुलोरा. कडाकण्यांच्या जोडीनं त्याच पिठाची वेणी, फणी, करंडाही करतात. आई लाटायची आणि आम्ही भावंडं वर टांगलेल्या कडाकण्या मोजत बसायचो, कारण घट उठल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती. चार दिवस डोळ्यांसमोर लटकणारा खाऊ न खाणं, हा आमच्या लहानपणीचा खरा उपवास.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोल्हापुरात ती हत्यारांपाशी थांबत नाही. तालमीत मातीची आणि गदेची पूजा, गाणाऱ्याच्या घरी तंबोऱ्याची, सुताराच्या घरी रंध्याची. माझे वडील हौशी नाटकवाले. दिवसभर कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी तालमी. आमच्या घरी त्या दिवशी पाटावर एक पत्र्याची रंगपेटी असायची. तिच्यात ग्लिसरीन, पावडरीचा डबा, दोन मिशा आणि एक टक्कल. त्या टकलाला हळदकुंकू वाहताना आई तोंडाला पदर लावायची.

दसऱ्याला आमच्याकडे शिलंगण म्हणतात. सीमोल्लंघनाचं हे रूप कागदावरच्यापेक्षा बोलायला सोपं. संध्याकाळी दसरा चौकात अंबाबाईची, भवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी येते. छत्रपती घराण्यातली मंडळी संस्थानच्या जुन्या मेबॅक गाडीतून येतात, आणि खरं सांगायचं तर निम्मी पोरं ती गाडी बघायलाच आलेली असतात. सूर्य मावळताना शमीपूजन होतं, बंदुकांची सलामी झडते आणि सोनं लुटायला एकच गर्दी होते. सोनं म्हणजे आपट्याची पानं. इथं एक सूचना करावीशी वाटते. बाजारात आपटा म्हणून जे भारे येतात, त्यांत पुष्कळदा कांचनाच्या फांद्या असतात. दोन्ही एकाच कुळातली झाडं, दोन्हींचं पान मध्ये दुभंगलेलं. पण आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं, कांचनाचं मोठं आणि पातळ. ओरबाडून आणलेला आख्खा भारा घरी नेण्यापेक्षा एकेक पान दिलं तरी सोनं ते सोनंच.

त्या चौकाचं आणखी एक वैशिष्ट्य. मध्ये राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आणि भोवती बोर्डिंगं. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. 1901 पासून महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली, म्हणजे खेड्यातलं पोर शिकायला शहरात राहू शकेल. सोनं लुटलं की पालखी परतीच्या वाटेवर सिद्धार्थनगरातून जाते आणि तिथं तिचं स्वागत होतं. भाषण न करता सांगितलेली ही गोष्ट आहे. बघणाऱ्याला दिसते.

आणि मग जेवण. नऊ दिवस बऱ्याच घरांत सामिष बंद असतं, त्यामुळे दसरा सरला की मटणाच्या दुकानापुढची रांग ही बघण्यासारखी गोष्ट असते. तांबडा-पांढरा रस्सा आता सगळीकडे मिळतो, पण तो नेमका काय आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. दोन्हींची आई एकच. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवायचं. ते पाणी म्हणजे अळणी. घरातल्या लहान मुलांना आणि आजाऱ्याला पहिली वाटी त्याची. मग अळणीचे दोन भाग करायचे. एका भागात खसखस, तीळ, काजू यांचं वाटण आणि नारळाचं दूध, वरून खड्या मसाल्याची फोडणी. हा पांढरा. नारळाचं दूध पडल्यावर त्याला खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर तो फुटतो. दुसऱ्या भागात भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, तीळ, लसूण, कोथिंबीर यांचं वाटण आणि चटणी. हा तांबडा. चटणी म्हणजे इडलीबरोबरची नव्हे. आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्यालाच चटणी म्हणतात. ती चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या वाळवून, डंकावर कुटून बरणीत भरलेली असते. दसऱ्यापर्यंत पाच-सहा महिने झालेले असतात आणि ती मुरते. म्हणून शरदातला तांबडा रस्सा हा वर्षातला सगळ्यात चांगला, असं माझं ठाम मत आहे. त्यावरून घरात वाद होतात, पण मत बदललेलं नाही.

बाहेरगावी कोल्हापुरी म्हणजे नुसतं जहाल, अशी समजूत करून दिलेली आहे. तसं नाही. कट लाल दिसतो तो बराचसा रंगाच्या मिरचीमुळे. जीभ भाजून चव कळेनाशी झाली तर तो रस्सा बिघडला असंच आमच्या आया म्हणतील. मिसळीचंही तेच. तिच्याबरोबर पाव नव्हे, ब्रेडच्या स्लाइस येतात आणि कट मागाल तेवढा मिळतो. राहता राहिली ‘व्हेज कोल्हापुरी’. ती मी पहिल्यांदा पुण्यातल्या हॉटेलात खाल्ली. गावी आईला विचारलं, तर तिनं उलट मलाच विचारलं, कशाची भाजी असते रे ती?

कोजागरीचं दूध सगळीकडेच असतं. आमच्याकडे बारा महिने दूधकट्टा असतो. गंगावेशीत म्हशी समोर उभ्या, गवळी समोर धार काढणार आणि तुम्ही फेसासकट ग्लास तोंडाला लावणार. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशींचा थाट असतो. शिंगं रंगवलेली, मोरपिसं खोवलेली, गळ्यात घुंगरमाळा. मालक मोटारसायकल पळवतो आणि त्याची म्हैस गर्दीतून, फक्त त्याच्याच गाडीच्या आवाजामागं धावते. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांनी कान किटतात हे खरं. पण शेकडो माणसांच्या कोलाहलात म्हैस आपला माणूस ओळखते, हे पाहिल्यावर तक्रार करायचं राहून जातं. त्याच सुमाराला गुऱ्हाळं पेटतात आणि नव्या गुळाचा वास वाऱ्यावर येऊ लागतो.

दिवाळी संपली की आमच्या घरी दुसरा सण सुरू व्हायचा. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. ती व्हायची केशवराव भोसले नाट्यगृहात. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान 1912 मध्ये बांधून घेतलं आणि त्याला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं. कुस्ती आणि नाटक पाठीला पाठ लावून. असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. केशवराव कोल्हापूरचे. बालगंधर्वांबरोबर त्यांनी केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग 8 जुलै 1921 चा आणि त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला, शरदातच, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लागूनच असलेलं खासबागेचं व्यासपीठही गेलं. गावातले नट, तंत्रज्ञ, पडदे ओढणारे, चहावाले रात्रीच तिथं जमले आणि माणूस गेल्यासारखे रडले. बाहेरच्यांना ते अतिरेकी वाटलं असेल. पण ज्याच्या बापानं आयुष्यात एकदाच टाळी घेतली आणि ती त्या रंगमंचावर घेतली, त्याला विचारा. पुढं नाट्यगृह पुन्हा बांधायचं ठरलं, कामही सुरू झालं. इमारत उभी राहील. मला काळजी तालमींची वाटते. पाच-सहा वर्षं कोणी गावात नाटक बसवलंच नाही, तर बसवायचं कसं हे माहीत असलेली पिढी मधल्यामध्ये निघून जाते. पूजा बांधणाऱ्यांसारखंच हेही हातातून हातात जाणारं काम आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला मी गावी होतो. वडील आता नाहीत. त्यांचे दोन जुने सोबती घरी आले. म्हणाले, ‘पेटी आहे का रं अजून?’ होती. ग्लिसरीन आटून गेलेलं, एक मिशी गायब, टक्कल मात्र शाबूत. पाटावर मांडली. त्यातल्या एकानं आपल्या नातवाला बरोबर आणलं होतं, त्याच्या हातून हळदकुंकू वाहिलं आणि तिथंच ओसरीवर बसून स्पर्धेला कुठलं नाटक करायचं यावर भांडण सुरू केलं. नाट्यगृह नसलं म्हणून काय झालं, दुसरीकडे करू, असं चाललं होतं. आईच्या जागी आता माझी बायको चहा टाकत होती.

मी रजा वाढवून घेतली आणि नोव्हेंबरात किरणोत्सवालाही थांबलो. 9, 10, 11 नोव्हेंबर या तीन दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात येतात. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. दक्षिणेकडे सरकणारा सूर्य या तारखांना नेमका त्या रेषेत मावळतो आणि उत्तरायणात परत फिरताना जानेवारीच्या अखेरीस, 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीला, पुन्हा तिथंच येतो. 21 डिसेंबरपासून दोन्हीकडे मोजा, सुमारे एक्केचाळीस-बेचाळीस दिवस भरतात. सूर्य जसजसा खाली उतरतो, तसतशी गाभाऱ्यातली किरणं वर चढतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगतात. वाटेत उंच इमारती आल्या, त्यांचे अडथळे मोजून काढले गेले, काही हटवलेही गेले. ढगांचं आणि धुळीचं मात्र कोणाला काही करता येत नाही.

आम्ही रांगेत उभे होतो. माझ्या पुढं एक म्हातारी, डोक्यावर पदर, हातात झेंडूचं एक फूल. किरणं उंबऱ्यापर्यंत आली, आत शिरली, चरणांच्या जवळ पोचली आणि पश्चिमेला कुठंतरी ढग आडवा आला. गाभारा पुन्हा काळोखला. मागून कोणी हळहळलं. म्हातारी शेजारणीला म्हणाली, ‘उद्या येऊ की. ती कुठं जातीय?’